वीतभर अंतर

दादाभाऊ चपला काढल्या की त्या जोडीने भिंतीला लावून ठेवत. मग दारातल्या बाकीच्यांच्या चपलाही पायाने सरकवून त्यांच्याजवळ आणत. जीपमधून उतरलेली माणसं मोजत, ओळखीची नसली तरी. जळालेली मोटर दुकानात आली की उघडण्याआधी तिचा वास घेत आणि मान हलवत. चहा पिताना बोलत नसत. डब्यात एकच लाडू उरला तर तो खात नसत आणि तसा राहूही देत नसत. दुसऱ्या डब्यातल्या करंज्यांमध्ये नेऊन ठेवत. ओतूरच्या एसटी स्टँडवर कुणी एकटं उभं दिसलं की जाऊन शेजारी उभे राहत. तो माणूस बाजूला सरकला तर हेही सरकत.

या शेवटच्या सवयीपायी ऋषीचं डोकं दोन वर्षं कामातून गेलं.

ऋषी ओतूरचाच. पुण्याला मराठी घेऊन एम. ए. केलं आणि गावी परतून कॉलेजात तासांवर शिकवू लागला. कॉलेजच्या वाटेवर दादाभाऊंचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, शेजारीच घर. विहिरीवरची मोटर घेऊन तो एकदा तिथे गेला, आणि ती दुरुस्त होईपर्यंत दोघांची मैत्री जमली. वयात पंधरा वर्षांचं अंतर. दादाभाऊ त्याला ‘मास्तर’ म्हणत. ऋषी बोले त्यातलं निम्मं त्यांना पटत नसे, आणि जे पटे ते ते करत नसत.

दादाभाऊ धनगराघरचे. लहानपण मेंढरांमागे गेलेलं. दसरा झाला की त्यांचा वाडा, म्हणजे आठ-दहा घरची माणसं, मेंढरं, घोडी आणि कुत्री, माळशेज उतरून कोकणात जायचा. रात्री सगळ्या घरांची मेंढरं एकाच वाघरीत, म्हणजे दोरीच्या जाळीच्या कुंपणात, अंगाला अंग लावून बसायची. एका साली वाडा पार समुद्रापर्यंत गेला. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकात पाण्याचं डबकं होतं, आणि डबक्यात शर्टाच्या बटणांएवढी फुलं. बोट लावलं की मिटायची. थांबलं की उघडायची. दादाभाऊ तिथे बसले ते आई काठी घेऊन येईपर्यंत.

पुढे मेंढरं विकली गेली. दादाभाऊ मंचरला वाइंडिंग शिकले, ओतूरला दुकान टाकलं, गजराबाईंशी लग्न झालं. डबकं डोक्यातून गेलं नाही.

दोन हजार पाच साली कळंबजवळ रस्त्याकडेचं एक हॉटेल बंद पडलं. तिथे माशांची साडेतीन फुटी काचेची पेटी होती. मालक म्हणाला, “न्यायची तर आजच न्या.” दादाभाऊंनी ती घोंगडीत गुंडाळली, टेम्पोत घातली आणि घरी आणली. घराला पुढची एकच मोठी खोली. तिच्या एकुलत्या मोकळ्या कोपऱ्यात पेटी बसली.

त्या कोपऱ्यात गजराबाईंचं शिलाई मशीन यायचं होतं. ते बाहेर ओट्यावरच राहिलं.

“मासं घालनार का?” गजराबाईंनी विचारलं.

“मासं न्हाय. कोरल.”

“ते काय असतं?”

“पवळ्याचं झाड. पर झाड न्हाय. जनावर हाय. पर हालत न्हाय.”

“मंग त्याला राखायचं तरी काय?” गजराबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या पेटीतल्या प्रत्येक जिवाला ‘भाजी’ म्हणत.

दादाभाऊंना आपल्याच कोकणातली बटणं हवी होती. इथल्या समुद्रातून कोरल काढायला बंदी आहे, हे ऋषीने त्यांना तीनदा सांगितलं. मग पुण्याचं एक दुकान सापडलं. तिथे बाहेरून आलेली मिळायची. ऋषी महिन्या-दोन महिन्यांनी पुण्याला जाई, ग्रंथालयात बसायला. आता तो खास मिठाची पाकिटं आणि पाण्याने फुगलेल्या पिशव्या घेऊन एसटीत बसू लागला. पाणी मात्र दादाभाऊंचं स्वतःचं. बॅटऱ्यांसाठी ते पाणी उकळून त्याची वाफ धरत, त्याच शुद्ध पाण्यात मीठ कालवत. लोडशेडिंगचे दिवस होते. दिवसातून दोन-दोनदा लाइट जायची. दादाभाऊंनी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर पेटीचा पंप असा जोडला, की गाव अंधारात असलं तरी पेटीतलं पाणी फिरत राही. त्या कामात त्यांना कुणी काही शिकवावं असं नव्हतं.

घोळ होता तो मांडणीचा.

कोरलं आणली ती चार जातींची. एक जाड, चामड्यासारखं, छत्रीच्या आकाराचं, ते ‘टोपी’. एक दगडाला चिकटलेल्या चकत्यांचं, ते ‘कान’. बटणं ती बटणंच. आणि एक लांब, टोकांना पिवळ्या गाठी असलेल्या लोंबत्या हातांचं, ती ‘जटा’. दादाभाऊंनी चारीही एका दगडावर मांडली. अंगाला अंग लावून. गाभ्यात बटणं, भोवती बाकीची.

महिन्याभरात ती मेली. दुसऱ्या खेपेचीही मेली. एकटी जटा दोन्ही वेळा शेवटपर्यंत टिकली, आणि मग पाणी नासून तीही गेली.

ऋषी पुण्याच्या दुकानात गेला. दुकानदाराने कपाळाला हात लावला. “खेटून ठेवली? अहो, ती भांडतात! अंधार पडला की ती जटा दोरे सोडते आणि जवळच्याला डंख करते. एकेकात वीतभर तरी अंतर ठेवा. जटेभोवती जास्त. आणि पाणी जिथून पुढे निघून जातं त्या टोकाला तिला ठेवा, म्हणजे तिचं काही वाहून दुसऱ्यांवर जायला नको.”

ऋषीने येऊन हे सगळं सांगितलं. दादाभाऊंनी ऐकून घेतलं.

“त्यो दुकानदार मेंढरामागं हिंडलाय का?” त्यांनी विचारलं.

“त्याचा काय संबंध?”

“आमच्या वाघरीत धा घरची मेंढरं बसायची, मास्तर. येक कधी मेलं न्हाय दुसऱ्यामुळं. जे मेलं ते बाजूला ऱ्हायलेलं मेलं. त्याला लांडग्यानं न्हेलं.”

“दादाभाऊ, पेटीत लांडगा नाही.”

“पर त्यांना कुठं म्हाईत हाय ते?”



मग गजराबाई बोलल्या. ओट्यावर धूळ उडत होती आणि त्यांच्याकडे एका मास्तरणीचं पांढरं कापड शिवायला आलेलं होतं. ते डागलं. त्यांनी मशीनवरचं कापड काढलं, घडी घातली आणि त्या पेटीसमोर उभ्या राहिल्या.

“ही तिसरी खेप. दिवाळीपत्तुर जगली तर ऱ्हाऊ द्या तुमची भाजी. मेली, तर ही पेटी शेरडांच्या पान्याला, आन माझं मशीन आत. मी तोंडातून दुसरा शब्द काढनार न्हाय.”

“बरं,” दादाभाऊ म्हणाले. आवाज खाली गेला होता. गजराबाई बोलल्या ते करत, हे त्यांना लग्नापासून ठाऊक होतं.

दिवाळीला तीन महिने होते.

तिसरी खेप पुण्याहून आणली ती ऋषीनेच, आणि या वेळी मांडणीही त्यानेच हातात घेतली. पेटी रिकामी केली. आधी वाळू आणि वर दगड, अशी दादाभाऊंची रचना होती. वाळू सरकली की दगड कलंडत. ऋषीने मोठे दगड तळाच्या काचेवर, प्लॅस्टिकची जाळी अंथरून बसवले. प्रत्येक दगड हाताने ढकलून पाहिला. डुगडुगला की काढला, फिरवून पुन्हा बसवला. मग वाळू. मागच्या काचेला दगड टेकू दिला नाही. मधून हात जाईल आणि पाणी फिरेल एवढी जागा सोडली. दादाभाऊ स्टुलावर बसून बघत होते. त्यांचे हात मांड्यांखाली दाबलेले होते. गजराबाईंनीच तसं बसवलं होतं.

“तुमची वीत द्या,” ऋषी म्हणाला.

दादाभाऊंनी हात पाण्यात घातला आणि बोटं ताणली. अंगठ्याशी बटणं, करंगळीशी कान. पुन्हा वीत. टोपी. वीत आणि वर चार बोटं. पाणी निघून जातं त्या टोकाला, खाली, जटा. नव्या कोरलांना एकदम उजेड सोसत नाही म्हणून सगळीच आधी खालच्या अंगाला ठेवली.

“झालं,” ऋषी म्हणाला. “आता हात लावायचा नाही. हलवलं की ती मिटतात. मिटली की खात नाहीत. दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही.”

“न्हाय लावत.”

“शपथ?”

“आता शपथ कशाला राव. म्हनलो ना.”

दुसऱ्या दिवशी तासाला जाता जाता ऋषी डोकावला. टोपी बटणांना टेकली होती.

“दादाभाऊ!”

“ती मिटली व्हती रातीपासनं. म्हनलं, जवळ न्हेली तर उघडंल.”

“तुम्ही हलवली म्हणून मिटली!”

“आधी मिटली, मंग हलवली.”

“काल आपण हलवली नव्हती का?”

दादाभाऊंनी विचार केला. “ते तुमी हलवली व्हती,” ते म्हणाले.

ऋषीने टोपी जागेवर नेली. आठवड्याने कान जटेच्या पायथ्याशी आले. ऋषीने कान मागे नेले. मग एकदा तो आला तर सगळी एका रांगेत, हात धरून उभ्या असलेल्या पोरांसारखी. दादाभाऊ दुकानात नव्हते. गजराबाई ओट्यावर मशीन चालवत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “सकाळी उठल्या उठल्या पेटीपाशी गेले. तोंडबी धुतलं न्हाय.”

“वहिनी, तुम्ही त्यांना थांबवत का नाही?”

“मी कशाला थांबवू? मला मशीन आत पायजे.”

ऋषीने पुण्याहून पाण्यात घट्ट होणारी पुट्टी आणली आणि कोरलांचे बुंधे दगडाला चिकटवले. वाटलं, आता सुटलो. चार दिवसांत दादाभाऊंनी दगडच सरकवले.

त्या दिवशी ऋषी ओरडला. तो कधी ओरडत नसे, त्यामुळे त्याला ते नीट जमलंही नाही. “तुम्हाला मारायचीच आहेत का ती? सांगा तसं! मी एसटीत मांडीवर पाणी घेऊन येतो, माझे कपडे भिजतात, पोरं हसतात, आणि तुम्ही इथे...” त्याने पेटीकडे हात केला. “मोटरच्या दोन तारा एकमेकींना टेकल्या तर काय होतं?”

“शॉट व्हतो.”

“मग?”

“ती तार हाय. तिला जीव न्हाय. जीव असता तर आपसूक मागं सरली असती की.”

ऋषी उठून निघून गेला. महिनाभर त्याने ती वाट सोडली. वळसा घालून कॉलेजला जायचा.

दसऱ्याच्या थोडं आधी गजराबाईंचा निरोप आला. बघून जा म्हणाल्या. तो गेला. दिवेलागणीची वेळ होती. टोपीची एक कड पांढरी पडली होती आणि आत वळली होती. दादाभाऊ समोर बसले होते. दाढी वाढलेली. जटा टोपीपासून चार बोटांवर होती.

“रोज सारतोय जवळ,” ते म्हणाले. “रोज जास्त मिटती. काय कळना झालंय, मास्तर.”

ऋषी काही बोलणार, तेवढ्यात लाइट गेली. पंप बॅटरीवर चालू राहिला. त्याची गुरगुर तेवढी उरली. दादाभाऊ टॉर्च घेऊन आले आणि सवयीने पंपावर मारला. मग काचेवर.

टॉर्चच्या उजेडात जटा दिवसासारखी दिसत नव्हती. तिचे हात आखडले होते आणि त्यांच्यातून दोरे निघाले होते. केसासारखे बारीक, टोकाला पांढरे, हातांच्या दुप्पट लांब. पाण्यात चाचपडत होते. त्यातला एक टोपीच्या कडेला लागला. टोपीने अंग चोरलं. दोरा मागे गेला, पुन्हा आला. पुन्हा त्याच जागी लागला, जिथे टोपी पांढरी होती.

ऋषीला हे ऐकून माहीत होतं. त्यानेच चारदा सांगितलं होतं. तरी तो काचेला नाक लावून नुसता बघत राहिला.

दादाभाऊंचा टॉर्च हलत नव्हता.

“ती हाकलती हाय तिला,” ते म्हणाले.

“हो.”

“आन टोपीला पाय न्हाय. जायाचं कुठं तिनं?”

“हो.”

“आन मी रोज सकाळी...” त्यांनी टॉर्च विझवला. अंधारात त्यांचा श्वास ऐकू येत होता. ऋषीला बोलून दाखवायचं होतं, महिनाभर तयार केलेलं. त्याऐवजी त्याने अंधारात चाचपडून स्टूल दादाभाऊंच्या शेजारी ओढलं.

दुसऱ्या दिवशी दादाभाऊंनी दुकान उघडलं नाही. त्यांनी स्वतः वीत मोजली. बटणं, कान, टोपी. मध्ये वीतभर, कुठे त्याहून जास्त. पण तोवर कानांनी आणि बटणांनी दगडावर पाय पसरले होते, आणि जटेच्या दोऱ्यांची लांबी त्यांनी आता पाहिली होती. साडेतीन फुटांत ती कुठेही ठेवली तरी कुणाला ना कुणाला पोचत होती. त्यांनी तिला दगडासकट उचललं आणि बादलीत ठेवलं. बादलीत छोटा पंप सोडला, वर बल्ब टांगला. बादली स्वयंपाकघरात, फडताळाखाली.

“तात्पुरती,” ते गजराबाईंना म्हणाले.

ऋषीने पुण्याला फोन केला. दुकानदार म्हणाला, जटा परत घेतो, घेऊन या. ऋषीने ते आनंदाने सांगितलं.

“तिथं कुठं ठेवनार त्यो?”

“दुकानात. मग कुणीतरी नेईल.”

“कोन?”

“मला काय माहीत कोण!”

“मंग न्हाय.”

ऋषीनेच मग गिऱ्हाईक शोधलं. पिंपळवंडीचा हौशीराम. द्राक्षबागवाला, हाताशी वेळ, नवी पेटी, खाऱ्या पाण्याची. फुकट मिळतंय म्हणून मोटारसायकलवर डबा बांधून आला. दादाभाऊंनी त्याला बसवलं, चहा दिला.

“लाइट किती तास जाती तुमच्याकडं?”

“तुमच्याइतकीच. पन बॅटरी हाय.”

“घरात दिवसा कोन असतं?”

“आई असती.”

“पेटीत हात घालायची सवय हाय का कुनाला?”

“न्हाय, भाऊ.” हौशीराम ऋषीकडे बघायला लागला. पोरगी बघायला आलो की काय, असा त्याचा चेहरा झाला होता.

“आन पेटीत दुसरं कोन हाय?”

“कोनी न्हाय. नवीन हाय. हिच्यापासनंच सुरू करनार.”

दादाभाऊ पुढे सरकले. “म्हंजे येकटीच?”

“दादाभाऊ!” ऋषी उभा राहिला. “ती एकटीच पाहिजे! तुम्ही स्वतः पाहिलं! टॉर्च तुमच्या हातात होता!”

“लांब पायजे,” दादाभाऊ शांतपणे म्हणाले. “येकटी पायजे असं मी कवा म्हनलो? नजरंच्या टप्प्यात कुनीतरी पायजे का नगं?”

हौशीराम रिकामा डबा घेऊन परत गेला. जाताना त्याने ऋषीला विचारलं, यांचं सगळं बरं असतं ना.

दिवाळी आली. टोपीची पांढरी कड गळून पडली आणि आतून नवी फुटली. बटणं उघडली. कान वाढले. वसुबारसेला गजराबाईंनी पेटीसमोर उभं राहून सगळ्यांवर नजर फिरवली.

“जगली म्हनायची.”

“जगली,” दादाभाऊ म्हणाले.

“मंग ऱ्हाऊ द्या.” त्या शब्दाला जागल्या. मशीन ओट्यावर राहिलं. फक्त स्वयंपाकघराकडे हात करून त्या म्हणाल्या, “आन ही बादली? भाकरी थापायला बसलं की माझ्या गुडघ्याला लागती.”

“तिला दुसरी पेटी करतो. धाकटी. मोठीच्या शेजारी. काचंला काच. म्हंजे बघतील येकमेकींना आन लागनार न्हाईत.”

ऐकल्यावर ऋषीला राग आला, कारण कल्पना चांगली होती.

दादाभाऊंनी नारायणगावहून काच कापून आणली. तळ आणि तीन बाजू चिकटवल्या. सरळ, कोपरे नव्वद अंशात, चिकटण्याची रेघ एकसारखी. कुठे फुगा नाही. चौथी बाजू उद्या लावतो म्हणाले. मग दुकानात मोटरींचा हंगाम आला. मग हंगाम संपला. ऋषी विचारी, तर सांगत, चौथी लावली की पाणी भरावं लागेल, पाणी भरलं की तिला सोडावं लागेल, आणि रात्री दोरे काचेवर आपटून दमली तर काय, याचा अजून विचार व्हायचा आहे.

“बादलीवर नाही आपटत?”

“बादली गोल हाय, मास्तर.”

जटा बादलीत वाढत होती. दादाभाऊ जेवायला बसले की ताट घेऊन तिच्या बाजूला बसत, वीतभर अंतर सोडून.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात ऋषीला मंचरला शाळेत नोकरी लागली. निघण्याआधी निरोप घ्यायला तो गेला. जाताना काच चिकटवायच्या सिलिकॉनची नवी नळी बरोबर नेली होती. म्हटलं, आपणच लावू आणि मोकळे होऊ. दादाभाऊ दुकानात होते. गजराबाईंनी त्याला पुढच्या खोलीत नेलं. मोठी पेटी गुरगुरत होती. तिच्याशेजारी धाकटी, तीन बाजूंची. उघड्या बाजूने गजराबाईंनी दोऱ्यांच्या रिळांचा डबा, कात्री आणि शिवायचे ब्लाउज आत नीट रचून ठेवले होते.

“काच कुठंय, वहिनी?”

“हाय की, दारामागं,” त्या म्हणाल्या. “ते लावतो म्हनलेत.”